हात वर

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी
बाबांची तलवार आई घासायची.
राख, व्हिनेगर, जुन्या मोज्याचा बोळा.
आपेन्झेलच्या चौकात दोराच्या आत जायचं
तर पुरुषाच्या कमरेला तलवार हवी, तीच त्याची ओळख.
म्यानातून ती बाहेर आली
ती फक्त आईच्या मांडीवर.

आम्ही दोराबाहेर.
बेकरीच्या वरच्या खिडकीत, कोपराला कोपर,
खाली टकलांचं पीक.
आईला मत होतं. ढीगभर होतं:
पुलाबद्दल, कुत्र्यांवरच्या कराबद्दल, नव्या पाद्र्याबद्दल.
मत तेवढं नव्हतं.

रुमाल भरायची ती. पांढऱ्यावर पांढरं,
इतकं बारीक की पॅरिसच्या बायका
त्यात नाक शिंकरायला कचरत असतील.
पैसे टाक्यांवर मोजून यायचे,
निघायचे बाबांच्या सहीने.
चाळीस वर्षं तिचा हात छातीशी.

एकाहत्तर साली देशाने मानलं,
म्हणजे दूर बर्नच्या लेखी ती माणूस झाली.
घरापासून तीनशे पावलांवरचा चौक
अजून विचार करत होता.
नव्वद साली त्याला पुन्हा विचारलं.
हात वर करून
त्यांनी हात वर केले.
त्यात बाबांचाही होता. खिडकीतून
मी बाही ओळखली. तिचं बटण
आईने त्याच सकाळी लावलं होतं.

त्या रात्री तिने सूप वाढलं.
मी वाट पाहत होते,
निदान मीठ तरी विसरेल.

मग शहरातल्या कोर्टाने सांगितलं, अन् झालं.
"बरं झालं," शेजारची हर्मिना म्हणाली,
"यांना द्यावंही लागलं नाही,
आपल्याला आभारही मानावे लागले नाहीत."

एक्क्याण्णव. दोर उचलून आई आत गेली,
कमरेला काही नाही, मुठीत एक कार्ड.
पहिला ठराव: वरच्या कुरणाकडच्या रस्त्याची डागडुजी.
बाजूने कोण? बाबांचा हात झर्रकन वर.
विरोधात कोण?
आईचा हात निघाला, कानापर्यंत आला
आणि अडकला.
इतक्या वर्षांच्या रुमालांनी खांदाच शिवून टाकला होता.
मी तिच्या कोपराखाली तळवा दिला.
मोजणाऱ्याने पाहिलं.
मोजला.

(रस्ता झालाच. चांगला झाला. आई त्यावरून कधी गेली नाही.)

तलवार आता भावाकडे आहे, गंजलेली.
घासणारं कुणी नाही.

आई त्र्याण्णवची, नदीकाठच्या वृद्धाश्रमात.
परवा जूनमध्ये आम्ही काम बंद ठेवलं.
जांभळी उपरणी, शिट्ट्या, भोंग्यावरून
पगाराची पावती वाचून दाखवणारी एक कॅशियर,
शेवटच्या आकड्याला तिचा आवाज फाटला.
मीही ओरडले. घसा बसला,
आणि तो बसका घसा घेऊनच आईकडे गेले.

सेम्हार तिला अंघोळ घालत होती.
सेम्हार इरिट्रियाची. इथे सात वर्षं झाली, कर भरते.
तिलाही मत आहे, बसून ऐकावं असं.
मत तेवढं नाही.
आणि आज ती संपावर आली असती
तर मला चौकात जाता आलं नसतं,
हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा
शिट्टी अजून गळ्यात होती.

"वर करा हं," सेम्हार म्हणाली, काखेला साबण लावायला.
आईने केला. कानापर्यंत. अडकला.
सेम्हारने कोपराखाली तळवा दिला.

"कशावर आहे?" आईने विचारलं.
कुणीच बोललं नाही तशी
तिच्याकडे वळून म्हणाली,
"आणि तुझा गं? तू का नाही करत वर?"

सेम्हार हसली.
तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.