दर शंभरातली एक

सव्वीस वर्षं हे यंत्र रबरी चपलांचे तळवे काढत होतं
आवेशानेदाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथून रियाचुएलोचा वास येतो आणि नदी दिसत नाही.
लिसांद्रोने ते भंगाराच्या भावात उचललं.
नळ्या बदलल्या, पट्टीवरचा हिरवा रंग खरवडला,
खाली निघाला जुना नंबर.
हो, म्हणाला, हेच ते. हे पूर्वी गाणी दाबायचं.

यंत्राला काही आठवत नव्हतं.
पहिल्या चारशे तबकड्या निघाल्या त्या बशा,
ऑलिव्ह वाढायला बऱ्या.
काळे दाणे वितळायचे, गोळा व्हायचा,
वर लेबल, खाली लेबल, झाकण मिटायचं,
आणि उघडल्यावर
कडेला उचललेली, रुसलेली वस्तू.

मग कुणीतरी म्हणालं, नेलिदा बार्सोला अजून आहे.

ती आली दोन बस बदलून,
पिशवीत घरातले सपाट आणि मातेचा थर्मास.
यंत्राला वळसा घातला नाही, नमस्कारचमत्कार नाही.
नुसती बाजूला उभी राहिली तळवा लोखंडावर टेकून
आणि म्हणाली, गार पाणी लवकर सोडताय.
अजून तीन श्वास थांबा.
कुणाचे, मी विचारलं.
माझे. तुझे फार भराभर होतात.

चारशे एकावी तबकडी टेबलावर ठेवली
तर टेबलच वाकडं आहे असं वाटलं.

तेव्हापासून दर शंभरातली एक तिच्याकडे.
मागच्या खोलीत, अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेल्या भिंतींत
ती ऐकते, अख्खी, दोन्ही बाजू.
कुणाचं गाणं होतं, मी एकदा विचारलं.
गाणं? तिने माझ्याकडे पाहिलं
जसं सोनाराकडे कुणी नवरीचं नाव विचारावं.
गाण्याच्या मागे काय आहे ते बघायचं, गाणं आड येतं.

मी खोकी भरायचो. मग तिने मला शेजारी बसवलं.
सोबत म्हणून, असं वाटलं.

ऑगस्टमधली गोष्ट. दुसरी बाजू, तिसरं गाणं,
बारीक टिचकी, प्रत्येक फेऱ्याला,
काचेवर नख आपटावं तशी.
मी थांबलो. ती वहीत बरोबरची खूण करत होती.
पुढची तबकडी. तीच टिचकी. तीच खूण.
तिचा अंगठा टेबलाच्या लाकडावर टेकलेला होता,
आणि मला एकदम कळलं ती कशाने ऐकते.

सांगावं का नाही. लिसांद्रोला सांगितलं तर ती घरी.
नाही सांगितलं तर पाचशे तबकड्या घरोघरी टिचकत बसतील.
दोन दिवस मी खोकी नीट बांधली नाहीत.
तिसऱ्या दिवशी, टिचकी आली तसं,
मी बोटाने टेबलावर ठोकलं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

तिने पेन ठेवलं.
किती दिवस गप्प होतास?
दोन.
मी मार्चपासून वाट बघतेय, म्हणाली.
वरचे सूर गेले माझे, नवरा गेला त्याच्या आसपास.
खालचे आहेत. ढोल कळतो, यंत्र कळतं.
तुला काय इथे सोबतीला बसवलं होतं?

त्या पाचशे दळल्या.
नापास गाणं परत दाणे होतं, पुन्हा पिंपात जातं,
आणि कुणा दुसऱ्याच्याच आवाजात निघतं.
त्यावर ती काही बोलली नाही. थर्मास पुढे केला.

आता वही माझ्याकडे असते.
घरी आई रेडिओ लावते तर मला फक्त खरखर ऐकू येते,
बहीण म्हणते तुझ्याबरोबर काही ऐकण्यात राम नाही.
नेलिदा गुरुवारी येते, लोखंडावर हात ठेवते, श्वास मोजते.

काल गाणं संपलं आणि तिने सुई उचलली नाही.
शेवटच्या खाचेत ती फिरत राहिली.
आता शांत आहे ना, तिने विचारलं.
नाही, मी म्हटलं. थोडं चरचरतंय, तेल तापल्यासारखं.
ती हसली, खुर्चीत मागे रेलली.
असू दे. तेवढं माझ्या वेळीही होतं.