पावती

रात्री साडेअकराला म्हापशाच्या चौकात
सिग्नल लाल, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही
एक कुत्रा सोडून. तोही आडवा गेला, बिनधास्त.
प्रेबेन स्कूटर थांबवून उभा.
मागे मी, त्याने आग्रहाने चढवलेल्या हेल्मेटात.
म्हटलं, चल बाबा, कोण बघतंय?
तो म्हणाला, तू बघतोयस ना.

नेरूलला माझ्या मागच्या खोलीत राहतो, नोव्हेंबर ते मार्च.
डेन्मार्कचा. निवृत्त तुरुंगरक्षक.
मीही एकतीस वर्षं आग्वादला,
जिथे आता लोक तिकीट काढून
कोठडीत फोटो घेतात.
माझे गुडघे जिन्यांनी खाल्ले,
त्याचे सायकलने.

उराकच्या दुसऱ्या पेल्याला तो सांगतो:
आमच्या तुरुंगाला भिंत नव्हती.
एक पांढरा दगड, त्यापुढे बटाट्याचं शेत.
कैदी सकाळी कामावर जायचे, संध्याकाळी परत यायचे,
आपलं जेवण आपण रांधायचे,
मला नावाने हाक मारायचे.
साहेब नाही?
नाही. प्रेबेन.
मी पेला खाली ठेवला.

मग कैरीची फोड चावत म्हणाला,
फार कौतुक नको करूस.
खटला उभा राहण्याआधी पोरांना एकटं ठेवायचो आम्ही,
आठवडे, कधी महिने.
खोली स्वच्छ, पडदे धुतलेले.
एकजण पडद्याशी बोलायला लागला.
नियम होता. मी पाळला.
लाल म्हणजे थांब.

मी त्याला कायतानचं सांगितलं नाही.
कांदोळीचा रापणकार, दुसऱ्याच्या होडीचं इंजिन चोरलेला.
मुलीच्या रोसला चार तास सोडा म्हणाला,
नारळाचा रस तिच्या डोक्यावर मी ओतायचा असतो, साहेब.
अर्ज टेबलावरून टेबलावर फिरला
आणि लग्न होऊन मुलगी कुवेतला पोचल्यावर
मंजूर होऊन आला.
तो मी त्याला वाचून दाखवला. सगळ्यांसमोर, मोठ्याने.
सगळे हसले.
तोही हसला.

परवा पर्वरीला पोलिसाने अडवलं.
चूक माझी, उकडतं म्हणून हेल्मेट मांडीवर.
पोलीस म्हणाला, पाचशे द्या आणि सुटा.
प्रेबेन म्हणाला, पावती.
पावती हवी तर हजार.
याने हजार मोजले.
पुस्तक शोधायलाच दहा मिनिटं गेली,
पानं दमट, कार्बन नाही, पेन माझं.
मला घाम फुटलेला. मी दोनशेत मिटवलं असतं,
वर ओळख सांगून शंभरात.
प्रेबेनने पावती घडी करून पाकिटात ठेवली,
आणि हात पुढे केला: मी प्रेबेन. तू?
हवालदार, तो म्हणाला.
ते नाही.
पोलिसाने इकडेतिकडे पाहिलं,
आणि चोरीचा माल दाखवावा तसं हळूच म्हणाला,
उल्हास.

आज सकाळी पणजीहून येताना
बसमध्ये कायतान मला बघून उठून उभा राहिला.
नेहमीच राहतो.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे.
म्हटलं, बस रे.
उभाच.
म्हटलं, साहेब म्हणू नकोस आता. नाव घे माझं.
त्याने कंडक्टरकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.
मग माझ्याकडे.
तेव्हा कळलं, त्याला माझं नाव माहीतच नव्हतं.
कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

शांबा, मी म्हटलं.
शांबा, त्याने म्हणून पाहिलं,
तोंडात गरम मासा आल्यासारखं,
जीभ इकडेतिकडे फिरवत.
नेरूलचा पूल आला.
खिडकीतून भरतीचं पाणी दिसलं, मिठागराच्या बांधापर्यंत.
सीट अजून रिकामीच, दोघांच्या मधे.

साहेब, तो म्हणाला,
तुमचा स्टॉप.