घोडीखालचा पत्रा

निझवाच्या शुक्रवारच्या बकरी बाजारातून
अबू मुंधिर थेट माझ्या टेबलाशी आला.
दिशदाशाला अजून चाऱ्याचा वास.
रायफल आडवी ठेवून म्हणाला,
"डावीकडे जाते. शंभर मीटरला अर्धी वीत.
दुर्बीण बदल."

सगळे हेच म्हणतात. दुर्बीण बदल.

बोल्ट काढला. आत गोळी नाही हे
आधी डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळीने.
मिरजेत वडील तंबोरा मांडीवर घेऊन सांगायचे :
सूर हलला की तारेला शिव्या देऊ नयेत,
घोडीखाली बघावं.
इथे घोडी नाही, घोडा आहे.
बघायचं मात्र तसंच, खालून.

म्हणून आधी बैठकीचे स्क्रू.
पुढचा एक जरा लांब निघाला,
तळाला टेकून घट्ट झाल्याचं सोंग करणारा.
अशी माणसं मी कॅम्पात पुष्कळ पाहिली.
अर्धा सूत घासला त्याला.
बैठकीखालचं जुनं तेल स्पिरिटने पुसलं,
टॉर्क रेंचने आवळत गेलो,
थोडं हा, थोडं तो, पुन्हा हा,
पोळपाटाचे पाय टेकवतात तसं.

जोजीला पन्नास पावलांवर पाठवलं.
खजुरीच्या झावळीला पांढरा दोरा,
दोऱ्याच्या टोकाला नट : आमचा ओळंबा.
वारा पडेपर्यंत थांबलो.
दुर्बिणीतली उभी रेघ दोऱ्यावर अशी बसली
की दोरा दिसेनासा झाला.
म्हणजे कलंडलेलीही नाही.
डोकं इकडेतिकडे हलवलं,
फुली जागची सरकली नाही.

मग बाजूचा डायल फिरवला.
खट, खट, खट,
सातव्या खटला संपला.
उजवीकडे जायला जागाच उरली नव्हती.
एवढं वाकडेपण डायल कुठवर पोटात घालणार?

मागची रिंग उघडली.
आत एका कडेला
आंब्याच्या रसाच्या डब्याचा पत्रा, नखाएवढा,
एक कोपरा तिरपा कातरलेला,
बोटाला लागू नये म्हणून.

तो कोपरा मला ओळखीचा होता.
अकरा वर्षांपूर्वी, इथल्या पहिल्याच महिन्यात,
रिंग सैल वाटली म्हणून
मीच सरकवलेला,
जवारीसाठी तारेखाली दोरा सरकवतात तसा.
त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.
रात्री घरी फोनवरही सांगितलं असेल.

जोजी परत येऊन पाहुण्याला कहवा ओतत होता.
पत्रा मी मुठीत मिटला.
स्क्रूचंच कारण सांगून चाललं असतं,
स्क्रू खरंच लांब होता.
तरी मूठ उघडली.

अबू मुंधिरने पत्रा उजेडात धरला.
रागावला नाही. कप हलवून नको म्हणाला, मग बोलला :
"अकरा वर्षं मी अर्धी वीत उजवीकडे धरतो.
मुंधिरलाही तसंच शिकवलं.
मस्कतच्या स्पर्धेत त्याला दुसऱ्याची रायफल मिळाली,
तिथेही त्याने उजवीकडे धरलं. हरून आला.
आता नातू म्हणतो, आजोबा,
फुलीवर धरलं तर फुलीवरच लागायला नको का?"

रिंगा पुसल्या, पत्र्याशिवाय बसवल्या,
डायल मधोमध आणला.
दुपारी रेंजवर मी वाळूच्या पिशव्यांवरून
फुलीवर धरून मारली. फुलीवर लागली.
मग तो झोपला.

पहिली गोळी उजवीकडे.
दुसरी उजवीकडे.
मी म्हटलं, आता सरळ धरा.
"सरळच धरलंय," तो म्हणाला,
आणि तिसरीही उजवीकडे.

कागद आणला. तीन भोकं,
एका बैसाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ.
नेम चुकलेला, पण अकरा वर्षं नेमाने.
असं सुंदर चुकलेलं मी
आमच्या घराण्यातही ऐकलं नव्हतं.

त्याने कागद घडी करून खिशात घातला.
मान खाली. मग हळूच, नातवाला ऐकू जाऊ नये असं :
"तो पत्रा... फेकलास का?"

जोजी माझ्याकडे बघतो आहे.
पत्रा अजून मुठीत आहे, गरम.