हातचे सतरा

शुक्रवारी, पगारपत्रकं बंद करायच्या तासभर आधी
दांगुओले वर आली, गमबूट खाली काढून, मोज्यांवर,
जिन्याला मासळीचा वास लागू नये म्हणून.
ग्रिम्सबीत असं कोणी करत नाही.
इथे वास जिन्याच्या आधीपासून आहे.

तिने माझ्यापुढे वही ठेवली.
लाल पुठ्ठा, कडेला दोन खवले वाळून चिकटलेले.
आकडे कळत होते, महिने कळेनात.
हे काय, मी विचारलं.
बालान्दिस, ती म्हणाली. एप्रिल.
मग जरा थांबून: आमच्यात कबुतरालाही हेच म्हणतात.

कबुतराच्या महिन्यात दर ओळीला
पाच एकोणपन्नास, दोन छत्तीस.
(बस ठरलेली, म्हणून आकडाही ठरलेला.)
मध्ये बारीक अक्षरात: जाळी, डगला, साबण, रांग.
माझ्या यंत्रात मात्र ती सहाला उगवते
आणि अडीचला मावळते,
पाऊण मिनिट इकडेतिकडे नाही.

हा गोल करायचा नियम कोणी केला, ठाऊक नाही.
माझ्या आधीच्या बाईने तो मला दिला,
स्टेपलर आणि खिडकीतल्या निवडुंगासकट.
वीस वर्षं मी निवडुंगाला पाणी घातलं
आणि नियमालाही.

केल्विन म्हणाला, कॅज्युअल लोक आहेत, मॅव्हिस,
आज आहेत, उद्या नाहीत.
आज आहेत ना, मी म्हटलं,
मी आजचाच हिशेब करतेय.
जाळीशिवाय आपण कुणाला दारातून आत घेत नाही.
मग जाळी घालणं हा काय त्यांचा छंद आहे?
तो खिडकीतून गोदीकडे बघत राहिला,
जिथे आता फारशा बोटी येत नाहीत.

सकाळचे अकरा, दुपारचे सहा, सतरा.
सतरा गुणिले एकशे त्रेचाळीस दिवस.
कागदावर केलं. यंत्राला विचारलं नाही,
या प्रकरणात यंत्र आरोपी आहे.
सात त्रिक एकवीस, एकवर एक, हातचे दोन.
हातचे दोन.
शाळेत कोणी विचारत नाही, कोणाच्या हातचे.
थंडीने लाल झालेले, हॅडकचे काटे बोटांत रुतलेले,
ते हात खाली पट्ट्यापाशी
आणि आम्ही इथे वर हातचं राखून.

दोन हजार चारशे एकतीस मिनिटं.
चाळीस तास, एकतीस मिनिटं:
एक पूर्ण आठवडा, जो कुठल्याच कॅलेंडरात नाही.

आणि कामाला सुट्टी फुटते, फांदीला पालवी फुटावी तशी.
बावन्न आठवड्यांतून पाच पूर्णांक सहा वजा,
उरतात त्यांनी त्याच पाच पूर्णांक सहांना भागा,
शेकडा बारा पूर्णांक शून्य सात.
तिच्या वाट्याला चार तास त्रेपन्न मिनिटं.
एवढ्यात बसने क्लीथॉर्प्सला जाता येतं,
ओहोटीने कुठवर वाळू उघडी टाकलीय ते बघून
बसून चहा पिऊन परतही येता येतं.

मी वही तिच्याकडे वळवली. सही कर.
तिने सही केली नाही. पानं मागे उलटली,
बोट एका ओळीवर टेकवलं.
त्या दिवशी बस चुकली होती.
पाच अठ्ठावन्न. दोनच मिनिटं.
नऊ कापा.

मी नऊ कापली.
चाळीस तास, बावीस.
सुट्टीतलंही एक मिनिट गेलं, चहातलं.
आता बरोबर, ती म्हणाली
आणि मोज्यांवरच खाली उतरली.

बाकी सदतीस जणांच्या वह्या नाहीत.
पण फाटकाच्या कुलपाला सगळं आठवतं,
प्रत्येक कार्ड, सेकंदासकट.
मी केल्विनकडून किल्ली घेतली,
प्रिंटरला कागद भरला.
सहा वाजून गेले होते.
माझ्या नावापुढे यंत्राने केव्हाच लिहिलं होतं:
साडेपाच.