आंब

रात्री हरभऱ्यावर अंथरलेलं धोतर
पहाटे उचललं तर दुप्पट जड.
अण्णांनी ते पिळलं लोणच्याच्या बरणीत,
झाकण फुटलेल्या,
आणि म्हणाले, ने. विचार तुझ्या मशिनीला
किती आंबट हाय ते.
त्यांच्या बोटांच्या चिरांत चरचरत असणार.
त्यांनी हात पुसले नाहीत.

लोह्याहून एसटीत बरणी मांडीवर, ओढणीत गुंडाळून.
शेजारची बाई म्हणाली, तूप का गं?
म्हटलं, आंब.
लई गुणाची पोटाला, म्हणाली,
आणि सुनेच्या पोटाची सगळी हकीकत
सोनखेडपर्यंत.

विष्णुपुरीला, प्रयोगशाळेत,
माझी कुपी जशी ठेवली तशी.
दूध नव्हे, दुधासारखं दिसणारं पाणी.
त्यात गोळे,
केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील एवढे.
दीड वर्ष मी हेच शिजवते आहे.
प्रत्येक गोळा म्हणजे साखळ्यांचा गुंता:
पाण्याचा कंटाळा असलेली टोकं आत,
परक्या गावच्या लग्नात एका कोपऱ्यात बसलेल्या
बिऱ्हाडासारखी,
आणि पाण्याशी बोलणारी बाहेर.
बाहेरच्यांवर एकेक भार, सगळ्यांचा सारखा,
म्हणून गोळा गोळ्याला अंगाला लागू देत नाही.

आंबटपणा आला की हे भार विझतात.
मग गोळे एकमेकांना चिकटून लांब होतात,
अळ्या होतात,
अळ्यांत अळ्या अडकतात.
असं मी तिसऱ्या प्रकरणात लिहून ठेवलंय.
व्हायच्या आधीच.

पहिल्या प्रकरणात लिहिलंय की
शरीरात गाठ धरली की तिच्याभोवतीची जागा आंबते.
वाटभर सुटं वाहायचं,
तिथं पोचल्यावरच एकमेकांना धरायचं आणि थांबायचं,
पोटातलं औषध घेऊन.
तिथं मी 'गाठ' लिहिते आणि पुढं सरकते.
थोरल्या काकूचं नाव संदर्भसूचीत बसत नाही.

बफरच्या बाटल्या संपून तीन आठवडे झाले,
खरेदीची फाईल हिशेब विभागात.
मॅडम म्हणतात, तोवर लिहून काढ.
व्यंकटमामांनी बरणीत बोट घातलं,
मी नको म्हणायच्या आत चाटलं.
आमच्या मुखेडची याहून कडक, म्हणाले,
पण तोंड वाकडं झालं होतं.

मीटर म्हणाला: दोन पूर्णांक एक.
गाळून घेतली. दोनदा.
धोतराचा एक धागा गाळणीवर राहिला.

मग थेंब.
सात. साडेसहा.
सहाला काही नाही.
खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती,
किक, किक, किक.
साडेपाचला दूध निळसर झालं,
पहाटे धुराआड दिसतं तसं.
पाचला मी कुपी उलटी केली.

पडलं नाही.

मामा म्हणाले, दही लागलं की गं.
दही नाही मामा, म्हणाले,
आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना.
आंबलं की फाटतं, नासतं, बिनसतं,
घरात मी हेच ऐकत आले.
दोन घरांत आंबलं होतं तेव्हा
मधल्या बांधावरून आमची म्हैससुद्धा जात नव्हती.
इथं आंबलं, आणि धरून बसलंय.

अल्कलीचे दोन थेंब घातले, सातवर आणलं.
वाहायला लागलं.
पुन्हा आंब. पुन्हा थांबलं.
चौथ्या खेपेला जरा सैल वाटलं.
माझा हात असेल.
किंवा त्यांचंही काही साठत असेल आत,
मीठ म्हणा, शीण म्हणा.

नोंदवहीत तारीख, तापमान, थेंब.
'आम्लाचा स्रोत' या रकान्याशी पेन अडलं.
हरभरा, लिहिलं.
मग वाण लिहायला हवं, शेत लिहायला हवं,
धोतर किती जुनं तेही.
रकाना बोटभर रुंद.

रात्री फोन.
किती निघाली?
दोन पूर्णांक एक.
चांगली का वाईट?
आंबट, अण्णा.
ते हसले, मग खोकले,
मग आईला ओरडून सांगितलं:
दुसरं धोतर काढ.