बोरं

प्रज्योत लघवीला बाहेर गेला
तेवढ्यात मी डब्यातली बोरं काढून
तांदळाच्या पोत्यामागे सरकवली.
नयना बघत होती, साडेतीन वर्षांची.
"आता आला, तर कुठी पायीन थो?"
"पोत्यामांगं." एकदम ठाम.
तिला माहीत म्हणजे साऱ्या गावाला माहीत.

दामिनी पाचाची. फ्रॉकचं टोक चघळत
थांबली जराशी, मग हसली:
"डब्यात पायीन. त्याले काय मालूम?"

आर्वीच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी
याचं नाव सांगितलं होतं, वहीत असेल कुठेतरी.
मला तिचा चेहराच दिसला फक्त,
कुडाला भोक पडून
शेजारच्या चुलीचा उजेड आत यावा तसा.
आता ही खोटं बोलायला शिकेल, मनात आलं.
तर पोर उठली
आणि तो नाडी बांधत यायच्या आत
बोरं परत डब्यात.

अठरा वर्षं मी बायांना सांगत आले,
यांच्या पोटातलं मला
ओठावर यायच्या आधी कळतं.
पोत्यामांगं, पोत्यामांगं.

संध्याकाळी हे तूर बडवून आले,
कोनाड्यात हात घातला.
चुन्याची डबी मी सकाळीच खिडकीत ठेवलेली.
बोलले नाही. बघत राहिले,
बोटं रिकाम्या दगडावर चाचपत जातात कशी,
थांबतात कुठे,
आणि माझ्याकडे न बघता
हा माणूस कोरडीच तंबाखू तोंडात टाकतो.

विचारलं काहून नाही?
मले काय मालूम.