अडीचकी

शाळेच्या भिंतीवर आशिया रंगवला तेव्हा
पेंटरला हिमालयापर्यंतच जागा पुरली.
मंगोलियाच्या ठिकाणी आमच्याकडे खिडकी आहे.
खिडकीतून तलाव दिसतो, बेशरमाची झुडपं,
आणि वर्गात नसलेला हिरामण मारबते,
बापासोबत डोंग्यात.

जानेवारीभर मी त्याच्या नावापुढे
गैरहजेरीच्या फुल्या मारत गेलो.
मग एका सकाळी तो दप्तराशिवायच आला, ओला हात पुढे करून:
'गुरुजी, मोठ्या बदकाच्या गर्‍यात पट्टा हाये, हिरवा.
त्याच्यावर इंग्रजी हाये.'
तळहातावर बॉलपेनने काढलेली एक मुळाक्षर, दोन आकडे.
मुळाक्षर आडवं पडलेलं.

मी ते उभं केलं. मास्तर आहे मी,
आयुष्यभर तेच करत आलो.
एन लिहून ईमेल पाठवला
पट्टे बांधणाऱ्या लोकांना.
उत्तर आलं: असा पक्षी आमच्या वहीत नाही.

'पट्टा तसा नाही वाचत गुरुजी,' हिरामण म्हणाला,
'मान वाकडी करा लागते.'
सव्वीस पोरांनी मान वाकडी केली.
मीही केली.
एन नव्हता तो, झेड होता.

पुढचं उत्तर अकरा दिवसांनी, एका शाळेतून.
पक्ष्याला त्यांच्या सरोवराकाठी पट्टा बांधला तेव्हा
तिथली मुलं हजर होती.
बोलू या का, असं विचारलं होतं.

नेट येतं फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर.
पायलीला टेकवून टॅब उभा केला.
त्यांचे किती वाजले असतील, यावर सकाळपासून भांडण:
ते आपल्यापुढे अडीच तास.
भिंतीशी विडी विझवत खिलेश्वरीचा आजा म्हणाला,
अडीच, पाच, साडेसात, दहा,
आणि थांबेचना. पुस्तकातून अडीचकी गेली
त्याला इतकी वर्षं झाली,
की ती कोणाला म्हणून दाखवायची राहूनच गेली होती.

पडद्यावर लाल गालांची ओयुन,
मागे खिडकीत बर्फ.
आमच्याकडून पाठ केलेली वाक्यं निघाली,
माझं नाव, माझं गाव, मला भात आवडतो.
तिकडूनही तशीच आली.
दोन्हीकडचे मास्तर माना डोलवत होते.

मग ओयुन म्हणाली, आमचा पक्षी बरा आहे ना?
मी मराठीत सांगितलं,
आणि खिलेश्वरी मेश्राम उठून उभी राहिली.
'त्यायचा कसा? आमचा होय तो.
चार महिने खाते कोनाचं?'
मी इंग्रजीत सांगितलं.
तिकडे गलका. तो इथे जन्मला, म्हणाले.
इकडे गलका. हिरामण म्हणाला,
'जन्मला असन. पन लिहिलेलं कोनं वाचलं?'

ओट्यावर असं भांडण मी ऐकलं नव्हतं,
जे ऐकायला दोन्हीकडची पोरं
एकमेकांची वाट बघत थांबत होती.

शेवटी खिलेश्वरी बोटाला ओढणी गुंडाळत म्हणाली,
'बरं, मंग आपला म्हना.'

आमचा आणि आपला.
मी तोंड उघडलं, आणि अडलो.
इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.
तोच पुन्हा म्हटला,
दोन्ही हात पसरून, ओट्यापासून टॅबपर्यंत.
ओयुनने बघितलं, मागे वळून
आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं.
तिच्याजवळ दोन शब्द असावेत. किंवा हातच पुरला असेल.

केंद्रप्रमुखांच्या तक्त्यात रकाना आहे,
'उपक्रमाची निष्पत्ती'.
पेन्सिलीने लिहून दोनदा खोडलंय.

एप्रिलमध्ये तलाव अर्ध्यावर आला. बदकं गेली.
हिरामण शाळेत येतो आता, रोज नाही,
खिडकीपाशी बसतो.
काल गणित चालू असताना
घड्याळाकडे बघून स्वतःशीच पुटपुटला,
'दीड वाजले असन त्यायचे.
सुटली असन शाळा.'

मी फळ्यावर लिहीत होतो.
खडू तसाच धरून
मीही मोजलं.